दोन कार्डं आणि एक खिसा

लग्नसराई आटोपली की आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतो. या वर्षी तो सोनगीरहून आला. धुळ्यापासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेलं हे गाव. तिथल्या एका तरुण फोटोग्राफरने फोन केला: "सर, पैसे एकदाच हातात आलेत. खिशात मावणारा चांगला कॉम्पॅक्ट घेऊ की मिररलेस? दोन्ही जमणार नाहीत." मग आपली कामंही त्याने सांगितली. एक, लग्नाच्या ऑर्डरी. त्यावर घर चालतं. दुसरं, गावातल्या तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचे फोटो. त्यावर काहीच चालत नाही, पण कॅमेरा हातात धरला तो त्यासाठीच.

"लग्नं करतोस ना? मग मिररलेस," असं मी फोनवरच सांगून टाकलं. उत्तर चूक नव्हतं, पण त्याच्या प्रश्नाचा अर्धा भाग मी ऐकलाच नव्हता. म्हणून दोन कॅमेरे घेऊन एक दिवस सोनगीरला गेलो. एका खांद्यावर फुल फ्रेम बॉडी आणि २४-७० एफ २.८, मिळून साधारण १३५० ग्रॅम. शर्टाच्या खिशात एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट, ३०० ग्रॅमच्या आसपास. (हा 'एक इंच' कुठूनही मोजला तरी इंच भरत नाही. सेन्सर आहे १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. नाव आलं जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या मापावरून, आणि आपण ते अजून मुकाट्याने चालवून घेतो.)

किल्ल्याचं आधी सांगून टाकतो, कारण तिथे सांगण्यासारखं थोडंच घडलं. सोनगीरचा किल्ला उंचीने फार नाही, लांबोळका, अरुंद. सकाळी नऊलाच ऊन पाठीवर बसलं आणि वर पोहोचेपर्यंत खांद्यावरचा पट्टा घामाने भिजला. खालचा महामार्ग, भिंतींचे अवशेष, विहीर. दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो आपल्या अंकाच्या पानावर छापले तर कोणता कशाचा हे मी छातीठोक सांगू शकणार नाही. भरपूर उजेडात कॉम्पॅक्ट हरत नाही. तो हरतो ते खाली गावात, कामाच्या खोलीत.

खोलीत उजेड येतो तो दारातून. दाराकडे तोंड करून एक काका हंडा मठारत बसले होते. आपल्याला हवा असतो तो क्षण हातोडा खाली येतानाचा. त्याला निदान १/२५० शटर लागतं. फुल फ्रेमवर एफ २.८ला आयएसओ ४००० गेला. कॉम्पॅक्ट वाइडला एफ १.८ उघडतो, म्हणून त्याचं १६००वर भागलं. इथेच पुष्कळांची फसगत होते. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, एक इंचीचं ११६. म्हणजे सातपटीहून अधिक, जवळजवळ तीन स्टॉपचा फरक. लेन्स जास्त उघडल्यामुळे त्यातला सव्वा स्टॉप भरून निघाला, उरला पावणेदोन. एवढा फरक आजच्या नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे जड नाही. पण काकांच्या फक्त हातांवर यायचं म्हणून कॉम्पॅक्ट झूम केला आणि तोही एफ २.८वर आला. तीन स्टॉपचं देणं परत डोक्यावर. कॉम्पॅक्ट घेणाऱ्याने आकडा झूमच्या दुसऱ्या टोकाचा वाचावा. विकताना सांगतात तो बहुधा पहिल्या टोकाचा.

मिररलेसच्या जाहिरातीत आवाज न करणाऱ्या शटरचं मोठं कौतुक असतं. जिथे चार हातोडे एकदम पडतायत तिथे तोफ उडवली तरी कोणी मान वर करणार नाही. उलट इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की खाली येणारा हातोडा वाकडा दिसतो आणि एलईडी दिव्यांखाली पट्ट्या उमटतात. दुसरी अडचण कुठल्या पुस्तकात वाचलेली नव्हती. घासूनपुसून ठेवलेलं पितळेचं भांडं हा बहिर्गोल आरसा असतो. मोठा कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहिलो की खोलीतल्या प्रत्येक घागरीत, प्रत्येक कळशीत मीच. कॉम्पॅक्ट कमरेपाशी धरून स्क्रीनवर बघत काढलं, तेव्हा भांड्यातला माणूस गिऱ्हाइकासारखा तरी दिसला.

आणि माणसं. मोठा कॅमेरा बाहेर काढताच काकांनी हातोडा खाली ठेवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि विचारलं, "पेपरात येणार का भाऊ?" फोटो आला तो बसलेल्या सद्‌गृहस्थांचा, कारागिराचा नाही. कॉम्पॅक्ट काढला तेव्हा त्यांनी बघितलंही नाही. म्हणजे लहान कॅमेरा जिंकला, असं मी लिहिणारच होतो. पण पाचच मिनिटांनी त्यांनी नातवाला हाक मारली: "त्या भाऊला बाजूला घे, उजेड अडतोय." आजकाल रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण मोबाइल पुढे करतो, मी त्यांतलाच एक. लहान कॅमेऱ्याने माणूस अवघडत नाही, पण आपल्यासाठी जागाही करून देत नाही. जागा हवी तर बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं. त्यावर कुठल्या कंपनीकडे मॉडेल नाही.

आता लग्नाकडे. इथे माझं मत पक्कं आहे, आणि ते सेन्सरवरून बनलेलं नाही. बरीच वर्षं झाली. एका हळदीला मी एकाच कार्डाच्या कॅमेऱ्यावर काम केलं. रात्री कार्ड वाचलं जाईना. कोणतं कार्ड ते सांगण्यात अर्थ नाही, कोणतंही जाऊ शकतं. सकाळी नवरीच्या काकांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. घरच्यांनी नवरीला पुन्हा पाटावर बसवलं, पुन्हा हळद लावली, बायका पुन्हा हसल्या. अल्बम झाला, कोणी तक्रार केली नाही. पण मेंदी रात्रीतून गडद होते. त्या अल्बममध्ये हळदीच्या पानावर नवरीच्या हातावरची मेंदी एका फोटोत केशरी आहे, म्हणजे माझ्या मदतनिसाने आदल्या दिवशी काढलेल्या, आणि शेजारच्या माझ्या सगळ्या फोटोंत गडद तपकिरी. ज्याला माहीत आहे त्याला दिसतं.

म्हणून कॅमेरा निवडताना मी आता एकच विचारतो: यात चूक झाली तर ती कोणाच्या पदरात पडणार? गिऱ्हाइकाच्या पडणार असेल तर दोन कार्डांची बॉडी हवी, दिवसभर टिकणारी बॅटरी हवी, एक लेन्स बिघडली तर दुसरी चढवता यायला हवी. खिशातल्या कॉम्पॅक्टमध्ये ही सगळी सोय एकत्र मिळत नाही. साधारणपणे एक कार्ड, दोन-अडीचशे फोटोंची बॅटरी आणि कायमची एक लेन्स. दुरुस्तीला गेला तर सबंध कॅमेराच गेला. चूक फक्त आपल्याच पदरात पडणार असेल तर एवढा विमा कशाला? तिथे सोबत असणं महत्त्वाचं.

जुनी बॉडी घेणाऱ्यांनी इथे नीट बघावं. २०१८ साली आलेल्या निकॉन झेड ६ आणि कॅनन ईओएस आर या दोन्हींत कार्डाची जागा एकच आहे. त्याच वर्षीच्या सोनी ए ७ थ्रीमध्ये दोन. झेड ६ टू आणि आर ६ यांत ही चूक २०२० साली सुधारली. वापरलेल्या बॉडीच्या बाजारात ही नावं शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि कमी किमतीकडे हात आधी जातो.

कॉम्पॅक्टच्या बाजूचीही एक गोष्ट लग्नवाल्यांनी ऐकावी. मे महिना, खान्देश, दुपारचा मुहूर्त. फेट्याखाली नवरदेवाचे डोळे दिसत नाहीत, मुंडावळ्यांची सावली गालावर. फ्लॅश हवा. मिररलेसचं शटर सेन्सरसमोरून सरकणाऱ्या पडद्यांचं. फ्लॅशशी त्याचं बहुतेक बॉडींत १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जमतं. आयएसओ १०० धरला तरी त्या उन्हात एफ १०-११वर जावं लागतं. फ्लॅशला दम लागतो आणि मागचे खुर्च्यांचे ढीग, कुलर, जनरेटर सगळं स्वच्छ दिसतं. हायस्पीड सिंक लावलं की फ्लॅशची ताकद निम्म्याहून खाली येते. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्या आत, पाकळ्यांचं. एफ ४, १/१६०० आणि एवढासा फ्लॅश. दीड-दोन मीटरवर नवरदेवाचे डोळे उघडतात. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी या सीझनला करून बघावं. वरातीत मित्र हसले तर हसू द्यावं.

धुळीबद्दल मात्र गैरसमज आहे. लेन्स निघत नाही म्हणजे धूळ जात नाही, असं विक्रेता सांगतो. पण पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स भात्यासारखी हवा ओढते. वैशाखातला फुफाटा किंवा जिनिंगजवळचा कापसाचा तंतू एकदा आत गेला की तुम्ही फुंकणी घेऊन काहीच करू शकत नाही. कॅमेरा उघडावा लागतो, आणि तो उघडणारा तुमच्या तालुक्यात नसतो. मिररलेसच्या सेन्सरवर धूळ जास्त बसते, पण ती आपल्या हाताने काढता येते.

खान्देशातल्या फोटोग्राफरने मोठा कॅमेरा की लहान, हा प्रश्न विचारला की मला रॉबर्ट गिल आठवतो. कंपनी सरकारने १८४४ साली अजिंठ्याला पाठवलेला हा लष्करी अधिकारी वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला तेलरंगात उतरवत बसला. विलायतेत सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या आणि १८६६च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. दरम्यान गिल दोन लेन्सच्या स्टिरिओ कॅमेऱ्याकडे वळला होता. तेव्हाच्या भल्यामोठ्या काचपट्टीच्या कॅमेऱ्यांपुढे हे लहान यंत्र. त्यावरचे लेण्यांचे फोटो वास्तुकलेचा इतिहासकार फर्ग्युसन याच्या मजकुरासह १८६४ साली पुस्तकरूपाने निघाले आणि प्रतींनी जगभर पसरले. हुकमाचं काम एका जागी होतं, ते आगीने नेलं. गिल १८७९ साली वारला; भुसावळला त्याची कबर आहे. अजिंठ्याला जाणारे आपण कितीतरी जण भुसावळच्या फलाटावरून गेलो असू.

दुसरे चाळीसगावचे केकी मूस. १९१२चा जन्म, १९८९ साली गेले, आणि आयुष्याची शेवटची जवळजवळ पन्नास वर्षं क्वचितच घराबाहेर पडले. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश घालायचा आणि त्यातून सबंध देखावा उभा करायचा. ते टेबल-टॉप फोटो देशोदेशींच्या प्रदर्शनांत बक्षिसं घेऊन आले. त्यांना कॅमेरा खिशात मावतो की नाही याच्याशी कर्तव्यच नव्हतं. तो कुठे न्यायचाच नव्हता. वजनाचा मुद्दा सगळ्यांना सारखा लागू पडत नाही हे सांगायला मूस यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही. आपण रेल्वेत बसून चाळीसगाव ओलांडतो, तेव्हा एकदा उतरून त्यांचं घर बघावं.

बाजाराचं थोडक्यात. २०१० साली जपानी कंपन्यांनी वर्षभरात बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यांत बहुतेक कॉम्पॅक्ट. २०२३ साली सगळे मिळून ऐंशी लाखही नाहीत. मोबाइलने स्वस्त कॉम्पॅक्ट खाल्ला, आणि ते बरंच झालं. १/२.३ इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट कोणी स्वस्तात देऊ केला तरी व्यवसायासाठी घेऊ नये. चांगल्या मोबाइलचा सेन्सर आज त्याहून मोठा आहे. उरलेत ते महाग कॉम्पॅक्ट. रिको जीआर थ्री २५७ ग्रॅमचा, आत एपीएस-सी सेन्सर, पण झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅशही नाही. फुजीचा एक्स १०० सिक्स २०२४ साली आला आणि लोक त्यासाठी यादीत नाव घालून बसले. तो ५२१ ग्रॅमचा आहे. खिसा कोटाचा असेल तर मावतो. या किमतीत मिररलेस बॉडी आणि लेन्स येते, म्हणून सोनगीरच्या त्या मुलाला झोप लागत नव्हती.

त्याला सांगितलेलं इथे लिहितो, कारण तसेच आणखी पाच-पंचवीस जण असतील. वापरलेली, दोन कार्डांची मिररलेस बॉडी घे. झूम लेन्स लग्नापुरती. शिवाय ३५ किंवा ४०ची एक लहान, हलकी प्राइम. ती चढवून बॉडी पिशवीबाहेर, गाडीच्या डिकीत नव्हे तर खांद्यावर राहू दे. हा मध्यममार्ग आहे आणि मध्यममार्गाचे सगळे दोष त्यात आहेत: खिशात तो जात नाहीच. श्रावणात शेजारच्या घरी कानबाई बसते, रात्रभर जागरण चालतं, बायका रोटांच्या तयारीत असतात. तिथे तू खांद्यावर कॅमेरा घेऊन शिरलास की तू शेजारचा मुलगा राहत नाहीस, ऑर्डरवर आलेला फोटोग्राफर होतोस. तिथल्यासाठी पुढच्या सीझननंतर एखादा जुना कॉम्पॅक्ट बघ. एक इंची, झूमच्या दुसऱ्या टोकालाही एफ २.८ राहणारा. त्याचं एकच कार्ड गेलं तर हळहळ तुझी, कोणाच्या मुलीची हळद नाही.

"पण तोवर भांडी घडवणाऱ्यांच्या आळीतली दोन दुकानं बंद होतील सर," तो म्हणाला.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मोबाइल तर आहे ना, असं म्हणालो, आणि म्हणताना संपादक म्हणून थोडी लाज वाटली. पण ते खोटं नाही.

घरी येऊन कार्डं रिकामी केली. मिररलेसमध्ये अकराशेच्यावर फोटो निघाले, कॉम्पॅक्टमध्ये चौसष्ट. ठेवावेसे वाटले पाच. त्यांतले तीन खिशातले. सर्वांत चांगला मात्र फुल फ्रेमचा आहे: काकांचा हातोडा खाली येताना, मनगटाची शीर, पत्र्यावर मठारलेल्या खुणांची ओळ, मागे दारातला उजेड. फक्त मधल्या हंड्याच्या पोटात मी दिसतो, आखूड, रुंद, डोळ्यांच्या जागी कॅमेरा. तो फोटो या अंकात छापलेला नाही.