आधी विहीर वाचवू

पावसानं ओढ दिली की मराठवाड्यात पारावर, दूध डेअरीच्या ओट्यावर, बाजारच्या गाडीत एकच वाद पेटतो. "बाहत्तर काढलाय आम्ही, दुष्काळ काय नवा आहे का?" असं जुनी माणसं म्हणतात. पोरं मोबाइल पुढं करतात, "आबा, मृगाचा भरवसा राहिला नाही आता, हवामानच बदललंय." तिसरा दोघांनाही तोडतो, "वरच्या धरणवाल्यांनी पाणी अडवलं, ते बोला की." बोलणं मुद्द्यावरून भावकीवर जातं आणि माणसं उठून जातात.

मला विचाराल तर आबांचंही खरं आहे आणि पोरांचंही. दुष्काळ आपल्याला नवा नाही. पण दुष्काळाची चाल बदलली आहे. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन सोयाबीन फुलात असताना पावसानं खंड दिला आणि त्या वर्षी राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. पुढं 2025 च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात, शेजारच्या सोलापुरात नद्या पात्र सोडून शिवारात घुसल्या. पीक तर गेलंच, जमिनीही खरडून गेल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली अभ्यासातून दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि एकदम ओतून मोकळी होते. मधले दिवस कोरडे जातात. झिमझिम पडून मुरणारा पाऊस कमी झाला, हे शेतात उभ्या असलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

हे सगळं आपल्या गावात बसून थांबवता येणार नाही. पण आपल्या पायाखालचं पाणी आपल्याला सांभाळता येतं, आणि आपण ते गमावत चाललो आहोत. बाहत्तर पाहिलेले लोक नेहमी सांगतात, तेव्हा खायला नव्हतं, पण प्यायला पाणी होतं. आता दुकानात धान्य आहे आणि हंडा टँकरची वाट बघतोय. आभाळ दोन्ही वेळा रुसलं होतं. मधल्या पन्नास वर्षांत बदल झाला तो जमिनीखाली.

उन्हाळ्यात कुठल्याही गावात बोअरची गाडी आलेली बघा. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवलेली असते, घरधनी अगरबत्ती लावतो. मग गाडी सुरू होते आणि करड्या दगडाचा भुगा अंगणभर, माणसांच्या भुवयांवर, शेजारच्या तुळशीवर बसतो. दोनशे फूट, तीनशे, पाचशे. पाइप जोडत जातात तसं बिल वाढत जातं. सगळ्यांचे डोळे भुग्याच्या रंगावर, ओला पडतो का म्हणून. कोरडं गेलं की कर्ज डोक्यावर राहतं. दोन इंच पाणी लागलं, तर पेढे वाटले जातात आणि पंधरा दिवसांत शेजारची विहीर तळ दाखवते.

असं का होतं, ते आपल्या दगडात आहे. मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. त्याच्या पोटात नद्या वाहत नाहीत. वरच्या मुरमात, भेगांत, दोन थरांच्या मधल्या फटीत जे थोडं मुरतं, तेवढाच साठा. खोल बोअर बहुतेक वेळा नवं पाणी शोधत नाही, वरच्या भेगांतलं सगळ्यांचं पाणी खाली ओढून घेतं. म्हणूनच महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास दोनशे फुटांपेक्षा खोल जायला मनाई केली. कायदा कागदावर राहिला. गावानं मनावर घेतल्याशिवाय तो शिवारात उतरणारही नाही.

पाणीच नाही, तर वाचवायचं काय, असं कुणी म्हणेल. त्यांनी हा हिशोब करावा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पुढं 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, तिच्या एका खेपेत सुमारे 25 लाख लिटर पाणी यायचं. मराठवाड्याची पावसाळ्यातली सरासरी साधारण 679 मिलिमीटर आहे. समजा वर्ष वाईट गेलं आणि 500 मिलिमीटरच पडला. तरीसुद्धा सव्वा एकर रानावर 25 लाख लिटर पाणी पडतं. मिरजेची अख्खी रेल्वे, एका लहान शेतकऱ्याच्या रानावर! सगळं काही अडवता येत नाही, उन्हानं उडतं, पिकाला लागतं, वाहून जातं. पण बांधबंदिस्ती केली, उताराला आडवी पेरणी केली, नाल्यातला गाळ काढला, तर विहिरीला पाझर टिकतो.

एवढं करूनही उपसा बेहिशेबी राहिला, तर सगळं पाण्यात जातं. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी बाहत्तरनंतर पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरवला. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. हिवरे बाजारमध्ये पाऊस आपल्यापेक्षाही कमी. पण पोपटराव पवारांच्या गावानं शेतीसाठी बोअर बंद केले आणि पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा रिवाज पाडला. आधी माणसं आणि जनावरं, उरलं त्यावर रब्बी.

ऊसवाल्या भावांना मी शत्रू समजत नाही. उसाला कारखाना दर देतो, ज्वारी-करडईला बाजारात कुणी विचारत नाही. त्यासाठी सरकारशी भांडायचंच आहे, आणि सगळ्यांनी मिळून भांडायचं आहे. पण तोवर गावातल्या शेवटच्या विहिरीवर नवी लागण करू नका, आणि आहे तो ऊस ठिबकवर घ्या, ही हात जोडून विनंती आहे.

आणि काम आजपासून सुरू करता येतं. गावातल्या पाच-सहा विहिरी निवडा. दोरीला दगड बांधून दर पंधरा दिवसांनी कठड्यापासून पाणी किती खाली गेलं ते मोजा आणि शाळेच्या भिंतीवर तारखेसह लिहा. तिथंच एक पर्जन्यमापक बसवा. मंडळाचं हवामान केंद्र दुसऱ्या गावात असतं, पाऊस तिथं पडतो, खंड आपल्याकडं, आणि भरपाई मागताना आपल्या हातात काही नसतं. रोज सकाळी शाळेतली पोरं आकडा लिहितील. पुढच्या मृगात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय मूठ चाड्यावर ठेवायची नाही, हे त्या भिंतीकडं बघून ठरवा. दुबार पेरणीचं बियाणं वाचेल.

आबांना बाहत्तरसालचं पाणी किती हातांवर होतं ते आठवतं, पोरांना मोबाइलवर हिशोब मांडता येतो. दोघं एकाच विहिरीच्या कठड्याशी उभे राहा. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बायकांना पुढं बसवा, कारण टँकर आला की धावावं त्यांना लागतं. ज्यांना विहीर नाही त्यांनाही बोलवा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं अर्ज आजच द्या. विषय एका ओळीचा आहे: गावातल्या पाण्याचा ताळेबंद आणि त्यावर बेतलेली रब्बीची पिकं.