शनिवार चुकवू नका

मंडळी, आपली साखळी कादंबरी बंद पडलेली नाही, फक्त उशिरा येते आहे, असं आपण एकमेकांना सांगत असतो. शनिवारी रात्री नऊचा भाग आधी रविवारी दुपारी आला, मग सोमवारी. पुढे 'या आठवड्यात जरा गडबड आहे' असा निरोप आला. आता ग्रुपवर शुभ सकाळच्या फुलांखेरीज काही येत नाही. बंद पडणं म्हणजे वेगळं काय असतं, हे मला कुणी सांगावं.

नव्यानं वाचायला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. काळ १९९२ च्या पावसाळ्याचा, तिकिटाची मशीनं यायच्या आधीचा. कोकणातल्या शेवटच्या गावात एस.टी.ची मुक्कामी गाडी उभी आहे. पहाटे ड्रायव्हर उठतो तर कंडक्टर गायब. तिकिटांची पेटी जागेवर, वेबिल भरलेलं, रोकड मोजून ठेवलेली. पैसे पळवून गेला म्हणावं, तर हिशेबात उलट दहा रुपये जास्त निघतात. त्या जास्तीच्या दहा रुपयांवर आपण ही कादंबरी इथवर आणली. लिहिणारे चिपळूणचे, नागपूरचे, बेळगावचे, दुबईचे आणि न्यू जर्सीचे. कुणी बँकेत, कुणी निवृत्त, एक जण बारावीची. एकानं भाग लिहायचा, दुसऱ्यानं पुढचा धागा उचलायचा. कंडक्टर अजून सापडलेला नाही आणि पाऊस लागल्यापासून त्याला कुणी शोधतही नाही.

कादंबरी चांगली चालली होती, याचा पुरावा म्हणून आपली कथावही, म्हणजे कुठल्या भागात काय ठरलं याच्या नोंदींची वही, उघडून पाहा. 'कंडक्टर डावखुरा, भाग ३. चहा घेत नाही, भाग ५.' त्याखाली दुसऱ्या हातानं: 'भाग ८ मध्ये टपरीवर दोन कप प्यायला!!' आणि त्याखाली तिसरीच नोंद: 'भाग ११ मध्ये बायकोच्या तोंडी घातलं आहे, घरी घेत नाहीत, बाहेरचं मला माहीत नाही.' एकाच्या नजरचुकीतून दुसऱ्यानं एक अख्खा संसार उभा केला. बायकोला नवऱ्याच्या चहाचा पत्ता नाही, तर दुसऱ्या कशाचा असणार? एकट्यानं लिहिलेल्या कादंबरीत ही चूक सरळ खोडली गेली असती आणि ती बाई कागदावर आलीच नसती. मला हे वाचवायचं आहे.

मग अडलं कुठे? भांडणं झाली नाहीत आणि लिहिणारेही आटले नाहीत. भाग लांबत गेले, इथे घोटाळा झाला. सुरुवातीला सातशे शब्दांत काम भागत होतं. मग एकानं पंधराशेचा अप्रतिम भाग लिहिला आणि सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्याला वाटलं, आपला निदान तेवढा तरी हवा. त्याच्या पुढच्यानं तीन हजार शब्द लिहिले, कंडक्टरचं बालपण सांगितलं आणि वर एक स्वप्नही घातलं. (स्वप्नांबद्दल माझं मत कथावहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.) आता ज्याची पाळी येते त्याला आधीचं सगळं वाचायचं असतं, आधीच्यापेक्षा सरस लिहायचं असतं आणि नोकरीही सांभाळायची असते. मग तो म्हणतो, 'जवळजवळ झालाय, थोडा हात फिरवतो आणि टाकतो.' या वाक्यानं जेवढ्या कथा मेल्या, तेवढ्या टीकाकारांनीही मारल्या नसतील.

हप्त्यानं लिहिणं ही मराठीला नवी गोष्ट नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून हप्त्याहप्त्यानं वाचकांपुढे आली. अंक निघायचा म्हणजे मजकूर हवाच. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हे खरं. तरी 'पण लक्षात कोण घेतो?'मधली यमूची गोष्ट आपल्याकडे आहे, कारण छापखाना कुणाच्या मूडसाठी थांबत नव्हता. तिकडे डिकन्सचे 'पिकविक पेपर्स' १८३६ पासून दर महिन्याला येत. मे १८३७ मध्ये त्याची मेहुणी मेरी हॉगर्थ अचानक वारली आणि जूनचा अंक निघाला नाही. लगेच नाना अफवा उठल्या. पुढच्या अंकात त्याला खुलासा छापावा लागला. एक महिना चुकला तर ही गत, तेही गाजत असलेल्या लेखकाची. आपला शनिवार चुकतो तेव्हा अफवासुद्धा उठत नाही. वाचक मुकाट्यानं दुसरीकडे जातो.

माणसं वाढवा म्हणजे आपोआप चालेल, असंही काहींना वाटतं. २००७ मध्ये पेंग्विन प्रकाशनानं ब्रिटनमधल्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाच्या साथीनं हा प्रयोग केला होता. 'अ मिलियन पेंग्विन्स' नावाची कादंबरी जालावर मोकळी सोडली, कुणीही यावं, लिहावं, खोडावं. पाच आठवड्यांत दीड हजाराच्या आसपास लोकांनी हात मारला. एका बहाद्दरानं तर जागोजागी केळी घुसवायला सुरुवात केली. कादंबरी म्हणून ती कुणी वाचल्याचं मी ऐकलेलं नाही. पाळी नव्हती, म्हणून आजचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. याउलट जालावर अनेकांनी मिळून लिहायचा 'एस.सी.पी. फाउंडेशन'सारखा उपक्रम २००८ पासून आजवर फोफावला, पण तिथली प्रत्येक नोंद स्वतंत्र उभी राहते. एक आली नाही म्हणून दुसरीचं काही अडत नाही. आपलं तसं नाही. आपला भाग बारा आला नसता तर भाग तेरा जन्माला येऊच शकला नसता.

गावातला अखंड हरिनाम सप्ताह आठवा. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. देवळाच्या भिंतीवर पहाऱ्यांची यादी लागते, रात्री दोन ते चारला कोण, चार ते सहाला कोण. पहाटे दोनला ज्याच्या गळ्यात वीणा येते तो काही गावातला उत्तम गायक नसतो. त्याचा आवाज बसलेला असतो, डोळे मिटत असतात. त्यानं फक्त उभं राहायचं आणि पुढचा येईपर्यंत वीणा गळ्यात ठेवायची. मी तुमच्याकडे मागतो आहे ते एवढंच.

जमतं हो हे. मायबोली या संकेतस्थळाच्या गणेशोत्सवात एस.टी.वाय. (स्पिन द यार्न) नावानं असाच एकमेकांच्या पुढे कथा ओढण्याचा खेळ रंगत आला आहे. (आपल्या एस.टी.शी त्याचा संबंध नाही, पण शकुन म्हणून घ्यायला हरकत नाही.) तिथे उत्सवाचे दिवस ठरलेले असतात, त्यामुळे 'सवडीनं बघू' म्हणायची सोय नसते. हिंदीत राजेंद्र यादव आणि मन्नू भंडारी यांनी 'एक इंच मुस्कान' आळीपाळीनं प्रकरणं लिहून पुरी केली, 'ज्ञानोदय' मासिकातून क्रमशः. नवरा-बायकोंनी एका घरात राहून एकच कादंबरी लिहायची आणि मासिकाची तारीखही पाळायची! आपल्यात तर नुसता व्हॉट्सअॅपचा संबंध आहे.

आता कामाचं बोलतो. भाग आठशे शब्दांच्या वर जाणार नाही. गेला तर मी मध्येच कापीन आणि उरलेला पुढच्या शनिवारी तुमच्याच नावानं टाकीन. मजकूर गुरुवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे यावा, शुक्रवारी कथावहीशी पडताळणी होईल आणि शनिवारी रात्री नऊला, भारतीय वेळेनं, भाग लागेल. नऊ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळी वेळेनं सकाळचे साडेअकरा, तेव्हा तिकडच्यांनी 'आमचा शनिवार अजून संपला नाही' हे कारण यापुढे देऊ नये. पाळी दोघांच्या नावावर राहील, एक मुख्य आणि एक बदली. मुख्याचा मजकूर गुरुवारी आला नाही तर बदली लिहील आणि मुख्यानं रुसायचं नाही.

एक नियम परक्यांकडून उसना घेऊ या. १९३१ मध्ये लंडनच्या डिटेक्शन क्लबातल्या मंडळींनी 'द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल' ही रहस्यकथा साखळीनं लिहिली. चेस्टरटन, अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, सगळी तालेवार माणसं. त्यांचा करार असा, की प्रकरण लिहिताना रहस्याची आपली स्वतःची उकल मनाशी पक्की हवी आणि ती लिहून द्यायचीही. नुसता गुंता वाढवून पुढच्याच्या गळ्यात मारायची सोय नाही. तरीही शेवटचं प्रकरण ज्याच्या वाट्याला आलं, त्या अँथनी बर्कलीनं त्याचं शीर्षकच पसारा आवरण्यावरून दिलं. आपल्याकडे भाग पाठवताना खाली दोन ओळी लिहा, तुमच्या मते कंडक्टर कुठे आहे आणि दहा रुपये कुणाचे. त्या ओळी वाचकांना दिसणार नाहीत, पण पुढच्याला दिसतील आणि त्याची निम्मी रात्र वाचेल.

कुणी म्हणेल, तारखेच्या मागे लागलं की दर्जा घसरतो. घसरेल, एखाद्या आठवड्यात घसरेलही. भाग ७ आठवतो? डेपोतल्या कँटीनच्या उसळीपलीकडे त्यात काही घडलं नव्हतं. पण त्याच उसळीचं बिल भाग १४ मध्ये कंडक्टरच्या सामानात सापडलं आणि सगळे चाट पडले. तो सपक भाग वेळेवर आला नसता, तर ते बिल आणलं असतं कुठून? प्रतिभेशी माझं वैर नाही. तिनं फक्त गुरुवारच्या आत यावं.

वाचकहो, तुमच्याकडूनही एक हवं आहे. भाग आला की 'छान' लिहून पुढे जाऊ नका. काय पटलं नाही, कोणाचं वय चुकलं, कोणती गाडी त्या घाटानं जातच नाही, ते सांगा. रत्नागिरीच्या एका वाचकानं वेबिलातली चूक दाखवली, तेव्हा लिहिणाऱ्यानं आनंदानं भाग पुन्हा लिहिला होता. लिहिणाऱ्याला स्तुतीपेक्षा, कुणीतरी बारकाईनं वाचतं आहे याचा धाक जास्त लागतो.

पुढच्या तीन शनिवारांना मुख्य नावं मिळाली आहेत, बदलीच्या तिन्ही जागा रिकाम्या आहेत. ज्यांना अख्खा भाग झेपणार नाही, त्यांच्यासाठी दुसरं काम आहे. डेपोच्या तक्रारवहीतलं एक पान लिहा. प्रवाशाचं नाव, गाव, गाडीची वेळ आणि तक्रार, दीडशे शब्दांत. अशी पानं शिलकीत असली, की एखाद्या गुरुवारी मुख्य आणि बदली दोघेही आजारी पडले तरी शनिवारी रात्री नऊला काहीतरी लागेल. तक्रार कसलीही चालेल: खिडकीची काच, सुट्टे पैसे, शेजारच्याची कोंबडी. फक्त गाडी १९९२ ची हवी आणि मजकूर या गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत.