उंदराचा चिकट पुठ्ठा घराबाहेर काढावा
गृहनिर्माण संस्था, चाळी आणि वाडे यांतील रहिवाशांसाठी पत्रक

एखाद्या प्राण्याला ‘उपद्रवी’ म्हणणे ही निसर्गाने केलेली वर्गवारी नसून माणसाने वेळोवेळी घेतलेला निर्णय आहे, हे कायद्याच्या इतिहासातच दिसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 याच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, उंदीर, कावळा आणि फळे खाणारी वटवाघळे यांची नावे अनेक वर्षे होती, आणि त्या यादीतल्या प्राण्याला मारण्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द केली आणि 1 एप्रिल 2023 पासून ही दुरुस्ती अमलात आली. यामुळे घरातला उंदीर मारणे गुन्हा ठरले असे नाही, आणि या पत्रकाचे म्हणणेही तसे नाही. परंतु प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या ‘माणसाखेरीज कोणताही सजीव’ अशी आहे आणि त्याच्या 11 व्या कलमात प्राण्याला विनाकारण क्रूर रीतीने मारणे हा गुन्हा म्हटला आहे. उंदीर त्या व्याख्येबाहेर नाही. प्रश्न उंदीर घरात असावा की नसावा हा नाहीच, कारण तो नसावा याविषयी दुमत नाही. तो घालवण्यासाठी आज घरोघर जी रीत रूढ झाली आहे, ती क्रूर तर आहेच, शिवाय कुचकामीही आहे, आणि हे पत्रक त्या रीतीविरुद्ध आहे.

ही रीत म्हणजे ग्लू पॅड, अर्थात उंदराचा चिकट पुठ्ठा. वहीसारखा उघडणारा, आतल्या दोन्ही पानांवर न वाळणारा गोंद थापलेला हा पुठ्ठा रात्री ओट्याखाली किंवा फ्रिजमागे ठेवला जातो. त्यावर पाय पडलेला उंदीर सुटण्यासाठी ओढ घेतो, तेव्हा आधी केस आणि मग कातडी गोंदाला चिकटून सुटते; वळून पाहताना गाल आणि मिशा चिकटतात, कधी डोळा चिकटतो, आणि पाय सोडवण्यासाठी तो स्वतःचाच पाय चावू लागतो. नाक गोंदात रुतले तर तो गुदमरून मरतो, न रुतले तर तहान, थकवा आणि भीती यांनी मरतो, आणि त्याला एक दिवस लागू शकतो, कधी त्याहून अधिक. घरातली माणसे ते बारीक चिरकणे रात्रभर ऐकतात. सकाळी पुठ्ठा मिटून, वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला जातो, तेव्हा आतला जीव पुष्कळदा जिवंत असतो. चिकट पुठ्ठा निवड करत नाही, हेही लक्षात घ्यावे. गॅलरीत ठेवलेल्या पुठ्ठ्यावर चिमणी बसते, जिन्याखालच्या पुठ्ठ्यावर सापाचे पिल्लू अडकते, आणि झुरळे खाऊन घराची सेवा करणारी पाल तर नेहमीच सापडते.

तो डबा पुढे कोणाच्या हाती जातो, याचा विचार पुठ्ठा विकत घेणाऱ्याने क्वचितच केलेला असतो. ओला आणि सुका कचरा हाताने वेगळा करणारी कचरावेचक स्त्री ती पुडी उलगडते. घाबरलेला उंदीर अडकल्या जागी लघवी करतो, आणि लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे पावसाळ्यात मुंबई आणि कोकणात दरवर्षी माणसे आजारी पाडणारा तो ताप, उंदराच्या लघवीतल्या जंतूंमुळेच होतो. तेव्हा आरोग्यासाठी म्हणून वापरलेले साधन आजाराचा धोका घरातून काढून ज्यांना हातमोजेसुद्धा धड मिळत नाहीत त्यांच्या हातात देते. ही केवळ प्राण्यांविषयीची क्रूरता राहत नाही, आणि कोणत्याही सोसायटीच्या सभेत ती एवढ्या एका कारणासाठीही मांडली जावी इतकी ती गंभीर आहे.

उंदराची भीती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही, निदान महाराष्ट्रात तरी नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढे पुण्यासह सारा मुलूख त्याने होरपळला. ‘उंदीर पडू लागले’ एवढे ऐकताच माणसे घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली ती त्याच साथीत, आणि प्लेग उंदरांकडून माणसांकडे पिसवांमार्फत येतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये याच साथीच्या अभ्यासातून दाखवले. त्या शोधाचा एक अर्थ आजही विसरता कामा नये. पिसू मेलेल्या उंदराचे थंड अंग सोडते आणि दुसरे उबदार अंग शोधते, म्हणजे घराच्या सांदीकोपऱ्यात उंदीर मारून पाडणे आणि घर सुरक्षित करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर सुरक्षित होते ते उंदीर आत येऊ न शकल्यामुळे.

पुठ्ठे आणि विष यांनी उंदीर का हटत नाहीत, याचे कारण साधे आहे. उंदराची मादी सुमारे 3 आठवड्यांच्या गर्भारपणानंतर एका वेळी सहा-आठ पिल्लांना जन्म देते, आणि ही पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. एखाद्या इमारतीत किती उंदीर राहावेत हे तिथल्या अन्नावर आणि आसऱ्यावर ठरते. ते दोन्ही तसेच ठेवून दहा उंदीर मारले तर मोकळी झालेली जागा उरलेल्यांची पिल्ले आणि शेजारच्या इमारतीतले उंदीर थोड्याच दिवसांत भरून काढतात. मुंबई महापालिका कित्येक दशके रात्रपाळीला माणसे पाठवून उंदीर मारत आली आहे. ती माणसे अतिशय कष्टाचे काम करतात, पण कचरा उघडा आहे तोवर त्यांच्या कामाला शेवट नाही.

म्हणून खरे काम भिंतीत आहे, आणि ते गवंड्याचे काम आहे. घरातला लहान उंदीर 6 मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणजे जिथून शिसपेन्सिल आत सरकते तिथून तोही सरकतो. मोठ्या उंदराला अंगठ्याएवढे भोक पुरते. सिंकच्या सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथली सभोवतालची फट, एसीच्या नळीसाठी पाडलेले आणि अर्धवट बुजवलेले भोक, न्हाणीघराच्या मोरीवरची तुटकी जाळी, आणि उंबरठा काढून टाकल्यामुळे दाराखाली राहिलेली बोटभर जागा, ही बहुतेक फ्लॅटमधली चार दारे आहेत. जुन्या घरांत उंबरठा होता तो केवळ रांगोळीसाठी नव्हता. उंदीर नेमका कुठून येतो हे कळत नसेल तर त्याच रांगोळीचा पातळ थर रात्री भिंतीच्या कडेने पसरावा. सकाळी त्यावर बारीक पावलांची आणि मधोमध ओढलेल्या शेपटीची रेघ उमटलेली दिसते आणि ती रेघ भोकापर्यंत नेऊन पोहोचवते. भोक सापडले की ते लगेच लिंपू नये. त्यात कागदाचा बोळा कोंबून दोन-तीन दिवस पाहावे. बोळा बाहेर ढकललेला आढळला तर आत वावर आहे, आणि अशा वेळी भोक बुजवणे म्हणजे आतल्या जिवाला आणि त्याच्या पिल्लांना भिंतीत जिवंत चिणणे होय, ज्याची दुर्गंधी घरालाही महिनाभर भोगावी लागते. बोळा जागचा हलला नाही तर तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंट भरावे. नुसते लाकूड, थर्माकोल किंवा प्लास्टिक उपयोगाचे नाही, कारण उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला कुरतडावेच लागते. घुशीच्या बिळात काचेचे तुकडे मिसळून सिमेंट भरण्याची गवंड्यांची जुनी पद्धत याच ज्ञानातून आलेली आहे. दोन इमारतींच्या मधल्या डक्टमध्ये खिडकीतून शिळे अन्न फेकण्याची सवय मात्र कोणताही गवंडी बुजवू शकत नाही. तिथे सोसायटीलाच कडक व्हावे लागेल.

एवढे करूनही आत अडकून राहिलेला उंदीर मारावा लागला, तर तो एका क्षणात मरेल असा चापाचा सापळा भिंतीला काटकोनात लावावा आणि रोज सकाळी पाहावा. तारेच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पिंजऱ्यासह बादलीत बुडवणे ही पुष्कळ सुसंस्कृत घरांतली रीत आहे आणि ती पुठ्ठ्याहून फारशी वेगळी नाही. बाजारात ज्याला ‘उंदराचे औषध’ म्हणतात त्यातली ब्रोमाडिओलोनसारखी रसायने रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. उंदीर काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होत फिरत राहतो आणि सुस्त झालेला असा उंदीर पकडायला सर्वांत सोपा असतो. त्याला खाणारे गव्हाणी घुबड, म्हणजे जुन्या वाड्यांच्या माळ्यावर राहणारे पांढऱ्या हृदयाकृती तोंडाचे घुबड, मग त्याच विषाने मरते. उंदरांवर जगणाऱ्या पक्ष्याला अशुभ ठरवून हाकलायचे, त्याला उंदरांमार्फत विष घालायचे, आणि मग उंदीर वाढले म्हणून तक्रार करायची, हा व्यवहार थांबला पाहिजे.

याच्या उलट टोकाला एक चुकीची दया आहे, आणि तिच्याविषयीही स्पष्ट बोलणे भाग आहे. पिंजऱ्यातला उंदीर लांबच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा टेकडीवर नेऊन सोडला की पुण्य पदरी पडले असे मानले जाते. अनोळखी जागी बीळ नाही, अन्नाची वाट ठाऊक नाही, अशा स्थितीत तो जीव बहुधा मरतो किंवा जवळच्या दुसऱ्या घरात शिरतो. मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने हा धडा महागात शिकलेला आहे. जुन्नर परिसरात 2001 नंतर बिबटे पकडून दूर सोडण्यात आले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले. 2009 मध्ये अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तर तो महामार्ग, रेल्वेमार्ग आणि वसईची खाडी ओलांडत, वाटेत कोणालाही इजा न करता, सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. प्राणी सामानासारखा उचलून ठेवता येत नाही, कारण त्याच्या डोक्यात स्वतःची जमीन असते.

सापाच्या बाबतीत हेच अधिक खरे आहे. उंदरांमागून साप येतो, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. भारतात माणसांचे सर्वाधिक बळी घेणारे साप नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार; सर्पदंशाने देशात वर्षाला सरासरी 58,000 माणसे दगावतात असा 2000 ते 2019 या काळासाठीचा अंदाज आहे, आणि तो आकडा सापाला घाबरायला पुरेसा आहे. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये काठ्यांनी ठेचली जाते ती पुष्कळदा बिनविषारी धामण, जी उंदरांचा फडशा पाडते आणि जिच्यावर गाईच्या पायांना वेढा घालून दूध पिण्याचा खोटा आळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. नागपंचमीला जमीन खणू नये, चिरू नये, कापू नये असे पाळणाऱ्या घरांनी दुसऱ्या दिवशी धामण ठेचावी, हे पाहवत नाही. साप दिसल्यास लांब उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी, मुलांना आत घ्यावे आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. सापासोबत चित्रफीत काढून घेणारा माणूस बोलावू नये, आणि पकडलेला साप शक्य तितक्या जवळच्या योग्य जागी सोडला जाईल असा आग्रह धरावा. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, म्हणून कामगारांच्या आणि रखवालदारांच्या खोल्यांत खाट आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी देणे हे सोसायटीचे कर्तव्य मानले पाहिजे. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

असाच उपद्रवी ठरवून मारला जाणारा आणखी एक जीव म्हणजे आग्या माशी; उंच इमारतीच्या सज्जाखाली लटकणाऱ्या तिच्या मोहोळाविषयी थोडक्यात सांगायचे तर, आग्या माश्या ऋतूनुसार स्थलांतर करतात आणि न डिवचलेले मोहोळ आपणहून रिकामे होते. त्याखालचा रस्ता काही दिवस दोरी लावून बंद ठेवावा, रात्री तिथले दिवे विझवावेत. फवारा मारून खाली पाडलेल्या हजारो मेलेल्या माश्या ही कोणत्याही सोसायटीची शोभा नव्हे.

इंग्लंडने 2022 मध्ये चिकट पुठ्ठ्यांविरुद्ध कायदा केला आणि जुलै 2024 पासून सामान्य माणसाने असा पुठ्ठा वापरणे तिथे गुन्हा आहे. वेल्सने त्याआधीच, ऑक्टोबर 2023 पासून बंदी घातली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही 2011 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये राज्यांना हे पुठ्ठे थांबवण्याविषयी लिहिले आहे. तरीही वाण्याच्या दुकानात ते साबणाशेजारी मांडलेले असतात, आणि 1960 च्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही 10 ते 50 रुपये एवढाच आहे. म्हणून सरकारची वाट न पाहता प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव करावेत. पेस्ट कंट्रोलच्या करारात चिकट पुठ्ठा वापरला जाणार नाही अशी अट घालावी. दुरुस्ती निधीतून पाइपांभोवतीच्या फटी, मोरीच्या जाळ्या आणि डक्ट यांचे काम एकदाच, सर्व मजल्यांवर एकत्र करून घ्यावे, कारण एका फ्लॅटने बुजवलेले भोक शेजारच्या फ्लॅटमधून पुन्हा उघडते. आणि कचऱ्याचे डबे झाकणाचे असावेत. हे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावे. मृगाचा पाऊस बिळांत शिरला की उंदीर कोरडी जागा शोधत वर चढू लागतात, आणि ओल्या भिंतीत भरलेले सिमेंटही धड धरत नाही.