पत कोणाच्या वहीत?

पोटापाण्याचा प्रश्न हा मानापमानाचाही प्रश्न असतो. म्हणूनच आपला तरुण आज कोणते काम करतो एवढे विचारून भागत नाही; ते काम तो कोणाच्या अटींवर करतो, हेही विचारावे लागते. आमच्या शहरांतील कितीतरी मुले आज हातातील फोनवर वर्दी घेऊन घरोघर जेवण पोचवितात, मोटारी हाकतात. कोणी घरी बसून संगणकावर जाहिरातींची चित्रे तयार करतात, तर कोणी कधीही न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचे हिशेब लिहितात. नोकरी म्हणून नव्हे, तर दर कामामागे मोबदला घेऊन राबणाऱ्या या वर्गाला ‘गिग कामगार’ असे नाव मिळाले आहे. नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ मध्ये त्यांची संख्या ७७ लाख असल्याचा अंदाज दिला असून, २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असे म्हटले आहे. म्हणजे हा चार चुकार मुलांचा उद्योग नव्हे. एका पिढीच्या भाकरीचा हा प्रश्न आहे.

या कामाला नाके मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ज्याला शहरात ओळख नाही, ज्याच्यापाशी वशिला नाही, त्यालाही येथे दार उघडे आहे. घरच्या माणसांची सेवा करीत, शिक्षण घेत, सवडीने चार पैसे मिळविता येतात. कष्टाची लाज बाळगण्याचे संस्कार आमच्यावर झालेले नाहीत. परंतु दार उघडे आहे म्हणून घर आपले झाले, असे समजणे हा भाबडेपणा होय.

पूर्वी बाजारपेठेत माणूस दहा वर्षे सचोटीने वागला की त्याची पत उभी राही. पेढी बदलली, गाव बदलले, तरी ती पत त्याच्याबरोबर जाई. कारण ती लोकांच्या तोंडी असे. आजच्या तरुणाची पत म्हणजे त्याच्या नावापुढे गिऱ्हाइकांनी दिलेले तारे! ते तारे ज्या वहीत लिहिले जातात ती वही कंपनीची, तिची किल्ली कंपनीची. एकीकडे मिळविलेले तारे दुसरीकडे सहसा चालत नाहीत, आणि एके सकाळी खाते बंद झाले तर तीन-चार वर्षांची कमाईची वाट त्याच क्षणी बुजते. ज्या पतीवर आपला हक्क नाही, तिला पत कसे म्हणावे?

ही तऱ्हा आपणांस नवी वाटू नये. निपाणीच्या घराघरांत बायका बिड्या वळत आल्या आहेत. पान आणि तंबाखू ठेकेदाराची, मजुरी हजारामागे, आणि वळलेल्या बिडीतील किती ‘छाट’ म्हणून बाजूला काढायची, हे ठरविणार ठेकेदारच! छाटलेल्या बिडीची मजुरी नाही, आणि दाद मागावी तर उद्याचे पान बंद. बिडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, तेव्हा घरी बसून बिड्या वळणारी स्त्री ही कामगारच आहे हे त्याने मान्य केले, आणि छाटीवरून होणाऱ्या तंट्याचा निवाडा ठेकेदाराने नव्हे, तर नेमलेल्या अधिकाऱ्याने करावा, अशी तरतूद केली. आज फोनवरची छाट दिसत नाही, छाटणारा दिसत नाही, इतकाच फरक. पूर्वी निदान ठेकेदाराच्या दारात जाऊन भांडता येत असे; यंत्राच्या दारात जाऊन कोण भांडणार?

अशा स्थितीत तरुणांनी करावे काय? आमचे पहिले सांगणे असे की, हाती पडलेली रक्कम आणि उत्पन्न यांत फरक करावयास शिका. दुचाकीच्या पेट्रोलचा, दुरुस्तीचा, फोनचा खर्च आणि वर्दीची वाट पाहत रस्त्याच्या कडेला घालविलेले तास वजा केल्यावर जे उरते, तेच उत्पन्न. पगाराची पावती नसलेल्या माणसाला बँक दारात उभे करीत नाही. म्हणून मिळकत बँकेतूनच घ्यावी, दरमहा कामाची नोंद ठेवावी, गिऱ्हाइकाकडून लेखी शिफारस घ्यावी आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र नियमाने भरावे. कंपनीची वही कंपनीपाशी राहो. आपली वही आपल्यापाशी असली पाहिजे. आणि काम देण्यापूर्वीच जो पैसे मागतो, तो मालक नसून भामटा असतो, हे पक्के ध्यानात ठेवावे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

दुसरे सांगणे कौशल्यासंबंधी. त्यासाठी आमच्याच धंद्याचा दाखला देतो. छापखान्यात एकेकाळी जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवीत. पुढे संगणक आला. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने आपल्या लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. खिळ्यांची पेटी अडगळीत गेली. ज्याची विद्या केवळ बोटांत होती, तो मागे पडला. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत होते, पानाची मांडणी कळत होती, त्याला पडद्यापुढेही जागा मिळाली. आता तर २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून पत्राचा, अहवालाचा, हिशेबाचा पहिला खर्डा यंत्रच करू लागले आहे. नवशिके ज्या कामावर हात बसवीत, तेच काम यंत्राकडे चालले आहे. पहिली पायरीच काढून घेतल्यावर जिना चढावयाचा कसा, हा प्रश्न धंदेवाईकांनीही स्वतःस विचारावा. कारण आज नवशिक्याला दार बंद केले, तर उद्याचा जाणता माणूस आकाशातून पडणार नाही. तरुणाने मात्र एवढे ओळखावे की, यंत्र चालविता येणे ही विद्या आता पुरेशी नाही. यंत्राने केलेले चूक की बरोबर हे सांगता येणे, ही खरी विद्या. ती भाषा, गणित, कायदा, शेती, व्यापार अशा एखाद्या विषयात मुळापासून बुडी मारल्याशिवाय मिळत नाही. तीन महिन्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते. संसार त्यावर चालत नाही.

परंतु एकेकट्याने शहाणे होऊन सारे निभावेल, असे जे सांगतात ते अर्धसत्य सांगतात. मुंबईच्या माथाडी कामगाराचा मालक रोज बदले. त्याची जबाबदारी घेण्यास कोणीच तयार नसे. अण्णासाहेब पाटलांनी त्या विखुरलेल्या माणसांना एकत्र केले. त्या चळवळीतून महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकांनी मजुरीवर अधिभार मंडळात भरावयाचा आणि त्यातून भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ द्यावयाचे, अशी ती व्यवस्था. मालक अनेक असले तरी जबाबदारी ठरविता येते, हे तिने सिद्ध केले.

नव्या कामगारासाठीही तीच वाट हळूहळू पडत आहे. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगारांची व्याख्या केली. मात्र ती मालक-नोकर या नात्याबाहेरचे कामगार म्हणून! ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, असे तीत आहे. राजस्थानने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाने २०२५ साली केला. कर्नाटकाच्या कायद्यात कल्याण मंडळ आहे, प्रत्येक व्यवहारातील कामगाराच्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क आहे, तक्रारीची सोय आहे, आणि कामावरून दूर करण्यापूर्वी लेखी कारण व १४ दिवसांची सूचना देण्याचे बंधन आहे. छाटणाऱ्याला कारण विचारण्याचा हा अधिकार किती मोलाचा, हे निपाणीच्या मायबहिणींना विचारावे!

मात्र कायदा पुस्तकात निजलेला असतो. त्याला जागे करणारे लोक लागतात. हे कामगार एकमेकांना ओळखत नाहीत, हीच त्यांची मोठी दुबळीक आहे. म्हणून गावोगावच्या तालमींनी, तरुण मंडळांनी आणि वाचनालयांनी आठवड्याची एक संध्याकाळ यांच्यासाठी मोकळी ठेवावी. तेथे ई-श्रमची नोंदणी करून द्यावी, करारपत्र वाचून दाखवावे, बंद झालेल्या खात्याची तक्रार लिहून द्यावी. जाणत्या वकिलांनी आणि हिशेबनीसांनी त्यासाठी दोन तास खर्ची घालावेत. हमालांची, बिडी कामगारांची संघटना अशाच लहानसहान बैठकांतून उभी राहिली. आज ज्यांच्या हाती फोन आहे, त्यांच्यापाशी तर एकमेकांस हाक मारण्याचे साधन आयतेच आहे. ती हाक पहिल्याने कोण मारतो, एवढेच आता पाहावयाचे आहे.