रिकामटेकड्या हिशेबांच्या बाजूने

विज्ञानकथेविषयी मराठीत दोन मते आलटून पालटून मांडली जातात. पहिले विज्ञानप्रसारकांचे. त्यांच्या लेखी विज्ञानकथा ही साखरेत घोळवलेली गोळी आहे. वाचक कथानकाच्या ओढीने वाचत जाईल आणि त्याच्या नकळत थोडे विज्ञान त्याच्या पोटात उतरेल. दुसरे मत समीक्षकांचे. ज्या अर्थी ही गोळी आहे त्या अर्थी ते साहित्य नव्हे, फार तर बोधकथेचा आधुनिक अवतार, असे म्हणून ते पुढच्या विषयाकडे वळतात. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. आमच्या मते ती एकाच गृहीतकाची दोन टोके आहेत. विज्ञान हे कर्तव्य आहे, आणि कर्तव्य म्हटले की ते गोड करून घ्यावे लागते किंवा टाळावे लागते, हे ते गृहीतक. माणसे विज्ञानाविषयी निव्वळ हौसेने, पदरात काही पाडून घ्यायचे नसताना, तासन्‌तास बोलत बसू शकतात, ही शक्यता दोन्ही पक्षांच्या गावीही नाही. आमचा वाद या गृहीतकाशी आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: विज्ञानकथा वाचून झाल्यावर जो हाताशी असलेल्या कागदाच्या पाठीवर हिशेब मांडतो आणि तो हिशेब घेऊन मित्रांशी भांडायला जातो, तोच या साहित्यप्रकाराचा खरा रसिक होय. मराठी समीक्षेने त्याला दारात उभे केले नाही, आणि त्यामुळे विज्ञानकथेचे जितके नुकसान झाले त्याहून अधिक समीक्षेचे झाले.

उदाहरणादाखल लॅरी निव्हन या अमेरिकी लेखकाची १९७० साली प्रसिद्ध झालेली 'रिंगवर्ल्ड' ही कादंबरी घेऊ. तीत एका ताऱ्याभोवती बांधलेले एक अवाढव्य कडे आहे. त्याची त्रिज्या साधारण पृथ्वीच्या सूर्यापासूनच्या अंतराएवढी, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, आणि रुंदी १६ लाख किलोमीटर. कड्याच्या आतल्या पृष्ठभागावर माणसांचे पाय टेकून राहावेत म्हणून ते सतत फिरते ठेवलेले आहे. शाळेत शिकलेले वर्तुळाकार गतीचे सूत्र ज्याला आठवते, त्याला पृथ्वीसारखे वजन भासण्यासाठी हे कडे सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर वेगाने फिरले पाहिजे, हे पाच मिनिटांत काढता येते. निव्हन यांनी दिलेला वेग याच्याशी जुळतो. पण वाचक तेवढ्यावर थांबले नाहीत. १९७१ साली बॉस्टनला भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एम.आय.टी.चे विद्यार्थी 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे' असा घोष करीत हॉटेलच्या दालनांतून फिरत होते. त्यांचा आक्षेप बिनतोड होता. असे ताठ कडे आपल्या मध्यापासून किंचितही सरकले तर ते पुन्हा जागेवर येत नाही. जी बाजू ताऱ्याजवळ आली ती आणखी जवळ ओढली जाते आणि अखेर कडे ताऱ्यावर आदळते. या विचाराची वंशावळही मोठी आहे. शनीची कडी घन आणि अखंड असती तर टिकली नसती, ती असंख्य सुट्या कणांचीच असली पाहिजेत, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात गणिताने दाखवून दिले होते. म्हणजे हॉटेलात आरडाओरडा करणारी ती पोरे, कळत वा नकळत, मॅक्सवेलच्या परंपरेत बोलत होती.

यावर लेखकाने काय केले? 'तुम्हांला साहित्य कळत नाही' असे म्हणून त्यांनी वाचकांना झिडकारले नाही. त्यांनी दुसरी कादंबरी लिहिली. १९८० साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या कादंबरीत कड्याच्या काठावर त्याला जागेवर राखणारी इंजिने आहेत, आणि कथानकाचा सगळा ताण त्यांच्याभोवती उभा आहे. पहिल्या आवृत्तीत आणखी एक गंमत घडली होती. नायक आपला वाढदिवस लांबवण्यासाठी पृथ्वीवर गावोगावी क्षणार्धात उड्या मारत जातो, पण जातो पूर्वेकडे. त्याने दिवस लांबत नाही, आखडतो. वाचकांनी हेही पकडले आणि पुढच्या आवृत्त्यांत दिशा बदलली.

हा छिद्रान्वेष झाला, रसग्रहण नव्हे, असा आक्षेप इथे येईल याची आम्हांला कल्पना आहे. त्याचे उत्तर आपल्याच मैफलीत आहे. ख्यालाच्या बैठकीत गायक समेवर अर्धी मात्रा उशिरा आला तर ज्याची मान हलायची थांबते, त्या श्रोत्याला आपण जाणकार म्हणतो. रागात वर्ज्य स्वर लागला की नाही यावर मध्यरात्रीपर्यंत वाद घालणाऱ्यांना कोणी रुक्ष म्हणत नाही. मात्रा मोजणे ही तिथे रसिकतेची पूर्वअट मानली जाते. मग विज्ञानकथेतील मात्रा मोजणाराच तेवढा अरसिक कसा ठरतो? ज्या कलेने नियम स्वतःहून पत्करला, तिचे सौंदर्य तो नियम जाणल्याखेरीज दिसत नाही. शिवाय चूक सापडली म्हणून कलाकृती मोडीत निघते असेही नाही. अस्थिर कड्याच्या त्या कादंबरीला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले आणि ती आजही वाचली जाते. छिद्रान्वेषी माणूस चूक सापडताच पुस्तक मिटतो. हे वाचक चूक सापडल्यावर पुस्तकात अधिक खोल शिरले. हा फरक समीक्षेला कळू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

संगणकाच्या इतिहासातही या रिकामटेकडेपणाने मोठी जागा अडवली आहे. १९६२ साली एम.आय.टी.त स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या यंत्रावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. ई. ई. स्मिथ यांच्या अंतराळकादंबऱ्यांवर या मंडळींच्या गप्पा रंगत, आणि लाखावर डॉलर किमतीच्या यंत्राच्या पडद्यावर दोन याने एकमेकांवर मारा करताना पाहावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. पार्श्वभूमीवर तारे वाटेल तसे विखुरलेले होते. त्यांच्यातील पीटर सॅम्सनला ते सहन होईना, म्हणून त्याने खऱ्या आकाशातील ताऱ्यांच्या जागा दाखवणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहून खेळात घातला. दुसऱ्या एकाने मधोमध तारा ठेवून त्याचे गुरुत्वाकर्षण आणले. १९५० च्या उन्हाळ्यात लॉस अलामोस येथे दुपारच्या जेवणाच्या टेबलावर एन्‌रिको फर्मी यांनी विचारलेला 'मग ते सगळे आहेत कुठे?' हा प्रश्नही असाच. उडत्या तबकड्या आणि एक व्यंगचित्र यांवर एडवर्ड टेलर प्रभृतींशी थट्टा चालली होती. तिच्यातून परग्रहवासीयांविषयीचा हा प्रश्न निघाला आणि तो अद्याप सुटलेला नाही.

मात्र इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. अशा गप्पांतून पुढे काही मौलिक निघते म्हणून त्या चांगल्या, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर साखरेची गोळी मागील दाराने घरात येईल. बहुतेक गप्पांतून काहीच निघत नाही. तरीही त्या कराव्यात, कारण जगाविषयी कुतूहल वाटणे हा माणसाच्या सुखाचा एक प्रकार आहे, आणि सुखाचे प्रकार हा साहित्याचा विषय आहे.

आता आपल्याकडे वळू. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी केली होती आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली होती. आपली कथा कीर्ती बाजूला ठेवून वाचली जावी, ही त्यांची इच्छा त्याहून स्पष्ट कशी करता आली असती? आम्ही मराठी वाचकांनी नेमके उलटे केले. नाव कळताच त्या नावाचाच गौरव करत बसलो. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते रास्तच होते. परंतु मे २०२५ मध्ये ते गेले तोवर त्यांच्या कथांतील काळाचे, वेगाचे, अंतराचे हिशेब स्वतः मांडून पाहणारी समीक्षा आमच्याकडे रुजली नव्हती. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्या १९५७ च्या 'द ब्लॅक क्लाउड' या कादंबरीत एक पात्र फळ्यावर आकडेमोड करते आणि ती आकडेमोड तळटीपेत छापलेली आहे. ज्याला हवे त्याने ताळा करावा. विज्ञानप्रसार हा आपल्या लेखनाचा एक हेतू आहे असे नारळीकर स्वतः मानत, हे खरे. पण लेखकाचा हेतू वाचकावर बंधनकारक नसतो, असे कवितेच्या बाबतीत ठासून सांगणारे समीक्षक इथेच तेवढे इतके आज्ञाधारक का होतात?

हा प्रश्न केवळ साहित्याचा असता तर आम्ही एवढा त्रागा केला नसता. त्याच १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी ग्रंथाची टवाळी केली नाही. त्यातील आकृत्या, वजने आणि उड्डाणाची तत्त्वे त्यांनी गांभीर्याने घेतली आणि दाखवले की ही याने उडू शकत नाहीत, आणि ग्रंथाची रचनाही प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे. रिंगवर्ल्डच्या वाचकांनी जे केले तेच हे: दावा घ्यायचा आणि ताळा करायचा. त्यानंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. शास्त्रज्ञांनी निषेध केला. पण ज्यांना ते विमान मनापासून हवे होते त्यांच्यावर निषेधाचा परिणाम होत नाही. ज्याच्या हाताला ताळा करण्याची सवय असते त्याला निषेधाची गरजच पडत नाही. आणि ही सवय व्याख्यानांनी लागत नाही, ती चहाच्या टेबलावर लागते.

त्यातच भाषेचाही प्रश्न आहे. कृष्णविवर, यंत्रमानव, संगणक, प्रकाशवर्ष हे शब्द आपल्याकडे केव्हाचे घडून तयार आहेत. पण गप्पा रंगून आकडे निघू लागले की बोलणारा नकळत इंग्रजीत शिरतो, आणि मराठी उरते ती प्रस्तावनेपुरती. पाठ्यपुस्तकातील शब्द भांडणात वापरले गेल्याशिवाय भाषेचे होत नाहीत. ज्या भाषेत विज्ञानाविषयी टवाळी, पैज आणि हुज्जत चालत नाही, तिच्यात विज्ञान पाहुणेच राहते.

तेव्हा समीक्षकांना आमचे सांगणे आहे की पुढच्या विज्ञानकथेवर लिहिताना पेन्सिल जवळ ठेवावी. प्रसारकांना विनंती आहे की कथा वाचून काय शिकलात, हे मुलांना विचारू नये. कथेत काय खोटे वाटले, हे विचारावे. आणि वाचकांना एक प्रश्न आहे. वर दिलेला सेकंदाला १,२०० किलोमीटर हा वेग आपण तपासून पाहिला, की छापलेला आकडा म्हणून पुढे गेलात? त्या वेगाने कड्याचा एक फेरा साधारण नऊ दिवसांत पुरा होतो, असा आमचा हिशेब आहे. ताळा करून पाहावा, आणि जमत नसेल तर मराठीत भांडायला यावे.