वीस हजारांत नक्की काय बदलायचं?

हातात वीस हजार रुपये आहेत, गेमिंगचा जुना पीसी रडतोय, तर काय बदलायचं? हा प्रश्न मित्रांच्या कुठल्याही कट्ट्यावर टाकून बघा. निम्मे म्हणतील, "ग्राफिक्स कार्ड घे." उरलेले म्हणतील, "थांब, अजून पैसे साठव, आणि मग मोठं ग्राफिक्स कार्ड घे." मशीनमध्ये काय आहे, तू खेळतोस काय, असं विचारणारा क्वचितच एखादा भेटतो.

माझं म्हणणं सरळ आहे मंडळी. बजेट जितकं कमी, तितकं आधी मोजायला हवं. लाख-दीड लाखवाल्याला न मोजता चालतं, तो सगळंच बदलतो. वीस हजारवाल्याला एकच फटका मारता येतो. आपल्याकडे एकदा खोक्याचं सील तोडलं की दुकानदार 'आवडलं नाही' म्हणून काही परत घेत नाही.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. एखादी स्क्रीन उघडायला आठ सेकंद लागतात अशी तक्रार आली की मीटिंगमध्ये पहिला माणूस म्हणतो, "सर्व्हर वाढवा." मग कोणीतरी शहाणा प्रोफाइलर लावतो आणि कळतं की सर्व्हर बिचारा निवांत बसलाय, एक क्वेरी लूपमध्ये पाचशे वेळा पळतेय. जीन अ‍ॅमडालने १९६७ साली मांडलेला नियम आपण सगळे परीक्षेपुरता पाठ करतो. एकूण वेळेतला २० टक्के वेळ खाणारा भाग तुम्ही कितीही वेगवान केलात, अगदी शून्यावर आणलात, तरी एकूण काम सव्वापटीपेक्षा जास्त वेगवान होत नाही. ऑफिसात हे समजतं, आणि शनिवारी कार्ड घ्यायला निघालं की तोच माणूस हे साफ विसरतो!

याचं एक कारण म्हणजे बेंचमार्कचे आलेख. कार्डाची चाचणी घेणारे लोक मुद्दाम बाजारातला सर्वांत दणकट गेमिंग प्रोसेसर लावतात. २०२४च्या नोव्हेंबरात आल्यापासून बऱ्याच जणांनी त्यासाठी रायझन ७ ९८००एक्स३डी वापरलाय. त्यांचं बरोबरच आहे. त्यांना कार्ड तपासायचंय, प्रोसेसर मध्ये यायला नको. पण तो आलेख बघून आपण समजतो की हे कार्ड माझ्या घरीही इतके फ्रेम देईल. माझ्या घरी २०१८चा प्रोसेसर आहे ना! तो मिनिटभरही त्या कार्डाला पुरेसं काम पुरवू शकला नाही तर कार्ड हात बांधून बसणार.

आता खरी गोष्ट सांगतो. माझा मामेभाऊ सांगलीला असतो. अ‍ॅप्रेंटिसशिपच्या पगारातून सहा-सात महिने साठवून त्याने वीस हजार उभे केले. मामाचं मत होतं की हे पैसे पाण्यात घालायचे धंदे आहेत, त्यामुळे पोराला चुकायची सोय नव्हती. मशीन असं: रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, सेकंडहँड घेतलेलं ६ जीबीचं जीटीएक्स १०६०, ८-८ जीबीच्या दोन रॅम, आणि एका सेलमध्ये पटकावलेला १४४ हर्ट्झचा मॉनिटर. खेळणार मुख्यतः काउंटर-स्ट्राइक २, रात्री मित्रांबरोबर. तक्रार अशी की स्मोक पडला आणि चार-पाच जण समोर आले की गेम अडखळतो. "दादा, आरएक्स ६६०० बघून ठेवलंय, सगळे पैसे त्यातच जातील, पण घेऊन टाकू का?"

म्हटलं थांब. आधी आफ्टरबर्नर टाक आणि गेम चालू असताना कार्ड किती टक्के वापरात आहे ते बघ. उत्तर आलं, ५५ ते ६०. म्हणजे कार्ड जवळपास निम्मा वेळ रिकामं! मग रिझोल्यूशन १९२०×१०८०वरून १२८०×७२० केलं. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं, तरी एफपीएस जवळजवळ तेवढाच राहिला. अडचण कार्डात असती तर आकडा उडी मारून वर गेला असता. ही एवढी चाचणी दोन मिनिटांची आहे, फुकट आहे, आणि दुकानात जायच्या आधी प्रत्येकाने करावी असं मला वाटतं.

तो म्हणाला, "पण दादा, टास्क मॅनेजर तर प्रोसेसर ४० टक्केच दाखवतोय." इथे भलेभले फसतात. २६००मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. टास्क मॅनेजर त्या सगळ्यांची सरासरी दाखवतो. गेमचा मुख्य थ्रेड एकच असतो, आणि तो एक थ्रेड पुरता घाम गाळत असला तरी बारातला एक म्हणजे आठेक टक्केच. बाकीचे इकडचं तिकडचं करून आकडा ४०वर नेतात. हे म्हणजे पंगतीला बारा वाढपी आणि भात एकाच्याच हातात. अकरा जण मोकळे दिसतात म्हणून पंगत लवकर उठत नाही.

सरासरी एफपीएसवरही फार जाऊ नका. १४४ हर्ट्झच्या पडद्याला दर ६.९ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम हवी असते. मधली एखादी फ्रेम २५-३० मिलिसेकंद घेऊन गेली तर सरासरीत ती दिसतही नाही, पण हाताला जाणवते, आणि नेमकी तेव्हाच गोळी लागते. म्हणून सर्वांत वाईट १ टक्का फ्रेम बघायच्या. त्याची ती संख्या दयनीय होती.

पैसे खर्च करायच्या आधी फुकटातलं उरकलं. रॅमवर ३००० लिहिलं होतं, चालत होत्या २१३३वर. कारण बायोसमध्ये एक्सएमपी कोणी चालूच केलं नव्हतं. रायझनमध्ये आतल्या जोडणीचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे याचा फरक पडतो. मॉनिटर १४४चा असून विंडोजमध्ये ६०वर अडकलेलाही मी पाहिलाय (याचा नव्हता, पण एका सहकाऱ्याचा वर्षभर होता). शिवाय कॅबिनेटमधली धूळ! सांगलीच्या एप्रिलमध्ये प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो, आणि आपण नव्या प्रोसेसरचे भाव बघत बसतो.

या सगळ्याने थोडं सुधारलं, पण भागलं नाही. मग प्रोसेसर बदलला, रायझन ५ ५६००. एएमडीने एएम४ सॉकेट इतकी वर्षं टिकवला हे या देशातल्या पोरांवर उपकारच आहेत. २०१८चा बोर्ड, २०२२चा प्रोसेसर, फक्त बायोस अपडेट. ते मात्र जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करायचं आणि मशीन इन्व्हर्टरवर ठेवून करायचं, कारण मध्येच लाइट गेली तर बोर्डची वीट होऊ शकते. बिलासकट साधारण दहा हजार गेले. सरासरी दीडशेच्या वर गेली, खालचा १ टक्का शंभरच्या आसपास आला. आणि गंमत म्हणजे कार्ड आता ९५ टक्क्यांच्या वर चालतं. म्हणजे रांग आता कार्डापुढे लागलीये. त्याला हवा तो गेम नीट चालतोय आणि निम्मे पैसे खिशात आहेत, तर लागू दे.

आता कोणी म्हणेल, हा ग्राफिक्स कार्डाचा वैरी दिसतो. नाही हो. त्याला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' खेळायचा असता तर मी उलट सांगितलं असतं. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या त्या गेमला हार्डवेअरमध्येच रे ट्रेसिंग लागतं. १०६० तिथे दारातच अडतं, प्रोसेसर कोणताही लावा. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमसाठीचे ड्रायव्हरही थांबवले. एकट्याने निवांत, देखणे गेम खेळणाऱ्याने पहिले पैसे कार्डातच घालावेत. आणि ज्याचा इंटेलचा जुना बोर्ड आहे, त्याला प्रोसेसर बदलताना बोर्ड आणि बहुधा रॅमही बदलावी लागते, त्याचं गणितच वेगळं.

रॅमवरून आठवलं. 'आधी रॅम वाढव, स्वस्तात काम होतं' हा आपला वर्षानुवर्षांचा सल्ला होता. २०२५च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव असे भडकले की तो सल्ला देताना आता जीभ अडखळते. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा चालू रॅम जपा.

उरलेल्या दहा हजारांचं काय, हा प्रश्न भावाने लगेच विचारलाच. मी त्याला एसएमपीएसवरचं लेबल वाचायला लावलं. कॅबिनेटबरोबर 'फ्री' आलेला, वर ५०० वॅट असं ठळक छापलेलं, आणि उचलून बघितला तर हलका फूल. चांगला एसएमपीएस घेतल्याने एकही फ्रेम वाढत नाही, म्हणून तो कोणाच्याच यादीत नसतो. पण पुढे कधी मोठं कार्ड येणार असेल तर ते याच्याच भरवशावर चालणार. त्याने सध्या तोंड वाकडं केलंय. दिवाळीपर्यंत पटवीन.