प्रदर्शनात मोटारसायकल मांडताना

शाळेत विज्ञान प्रदर्शनाची सूचना लागली की घरोघरी धांदल उडते. मोटारसायकल हा तर मुलांचा लाडका विषय. मग पालक उसनेपासने करून कोणाकडून तरी देखणी प्रतिकृती करून घेतात. परीक्षकांनी "हे असे का होते?" असे विचारले की मूल खाली मान घालते. पैसे आपले, मेहनत दुसऱ्याची आणि शरम मुलाची! हा तोट्याचा व्यवहार यंदा करू नये, असे आम्ही पालकांना सुचवितो.

'मोटारसायकल' हा विषय झाला, प्रकल्प नव्हे. प्रकल्पाला प्रश्न लागतो. मुलाला तो एका वाक्यात लिहायला सांगावे. उदाहरणार्थ, "वेग दुप्पट केला तर गाडी थांबायला किती पट जागा लागते?" बहुतेक जण "दुप्पट" असे सांगतील. मुलाने आपला अंदाज लिहून ठेवावा आणि मग तपासावा.

त्यासाठी खरी मोटारसायकल लागत नाही. गिअरची गाडी चालविण्यास कायद्याने वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. प्रकल्पाच्या निमित्ताने मुलाच्या हाती किल्ली देऊ नये. एक फळी, चाके मोकळी फिरणारी खेळण्यातील गाडी, एक गोधडी आणि मोजपट्टी एवढे पुरे.

फळीचे एक टोक विटांवर टेकवावे. खालच्या टोकाशी पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवावा, म्हणजे गाडी अडखळणार नाही. पुढे गोधडी ताणून अंथरावी. जमिनीपासून ५ सें. मी. उंचीवरून गाडी नुसती सोडावी, ढकलू नये. गोधडीवर ती किती लांब जाऊन थांबते ते मोजावे. मग २० सें. मी. उंचीवरून सोडावी. उंची चौपट झाली की खाली येतानाचा वेग सुमारे दुप्पट होतो. प्रत्येक उंचीवरून पाच वेळा सोडून सरासरी काढावी. थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपटीच्या आसपास येते. रस्त्यावरही हाच नियम आहे. ब्रेक लागल्यावर ५ मीटरमध्ये थांबणारी गाडी दुप्पट वेगात साधारण २० मीटर घेते. शिवाय ताशी ६० कि. मी. वेगात ब्रेककडे पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते.

सर्व आकडे जमाखर्चाच्या वहीसारखे रकाने पाडून लिहावेत. एखादा आकडा वेगळा आला तर खोडू नये, तो का आला असेल ते शेजारी लिहावे. परीक्षकांना अशी प्रामाणिक वहीच पटते.

"आम्हाला काय कळतंय विज्ञानातलं?" असे म्हणून अनेक वडील बाजूला होतात. पण वस्तीत कोणी गॅरेजात काम करतो, कोणी दिवसभर गाडीवरून सामान पोचवतो. ब्रेकचे लायनर झिजल्यावर काय होते, ओल्या रस्त्यावर गाडी का घसरते, हे त्यांना हातानेच ठाऊक असते. मुलाने त्यांच्याकडे वही घेऊन जावे, विचारावे आणि कोणी सांगितले तेही तक्त्यावर लिहावे. तक्ता मात्र मुलाच्याच अक्षरात हवा : प्रश्न, साहित्य, कृती, मोजमाप, निष्कर्ष.

आदल्या रात्री आईने परीक्षक होऊन चार प्रश्न विचारावेत. मुलाने न पाहता उत्तरे दिली की प्रकल्प तयार झाला असे समजावे. बक्षीस मिळो न मिळो, घरातली गाडी उद्या जरा सावकाश चालली तरी ते थोडे नव्हे.